एक सर्व्हर, तीन ऑपरेटिंग सिस्टीम : खरेदीआधी वाटणी कागदावर का करावी?

तीन संगणकांचे काम एकाच सर्व्हरवर आणता येते, हे खरे. पण तो सर्व्हर बंद पडला तर तिन्ही कामे एकदम थांबतात, हेही तितकेच खरे. छोट्या व्यवसायाने विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर चालवायचे ठरवले तर नियोजन कसे करावे, याचा हा आढावा.

मक्याची आवक ऐन भरात असलेला दिवस. कन्नडमधील एखाद्या आडत दुकानाचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. बाहेर भुईकाट्याजवळ एक जुना संगणक आहे. त्यावर अजून विंडोज ७ चालते, कारण काट्याचे सॉफ्टवेअर त्याच्या पुढच्या विंडोजवर चालत नाही. आत मुनिमाच्या टेबलावर दुसरा संगणक असून त्यात खातेवही, जीएसटी आणि हिशोबपट्ट्या आहेत. कोपऱ्यात तिसरा, लिनक्सवर चालणारा. त्यात पावत्यांचे स्कॅन, शेतकऱ्यांच्या खात्यांचा डेटाबेस आणि सगळ्यांच्या सामाईक फायली आहेत. मका, कापूस आणि अद्रकीचा व्यापार असलेल्या तालुक्याच्या गावात असे कार्यालय शोधायला फार फिरावे लागणार नाही.

एक दिवस संगणक विक्रेता सांगतो, ‘‘हे तिन्ही काढा. एकच चांगला सर्व्हर घ्या, त्याचे भाग पाडू. वीज वाचेल, जागा वाचेल, देखभाल सोपी होईल.’’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे एक प्रश्न : यातील कोणते काम किती वेळ बंद राहिले तर चालेल? या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहिल्याशिवाय सर्व्हरची ऑर्डर देणे म्हणजे मोजणी न करता जमिनीची वाटणी करणे.

पार्टिशन म्हणजे नेमके काय?

या शब्दाने पहिला गोंधळ होतो. घरच्या संगणकात ‘सी’ आणि ‘डी’ ड्राइव्ह असतात, त्यालाही पार्टिशनच म्हणतात. काही जण एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकतात आणि सुरू करताना एक निवडतात. त्याला ‘ड्युअल बूट’ म्हणतात. त्यात एका वेळी एकच ऑपरेटिंग सिस्टीम चालते, दुसरी झोपलेली असते. व्यवसायाला त्याचा उपयोग नाही, कारण काटा आणि खातेवही दोन्ही एकाच वेळी सुरू असावे लागतात.

सर्व्हरची विभागणी वेगळी असते. लोखंडी यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामध्ये सॉफ्टवेअरचा एक पातळ थर बसवला जातो. त्याला हायपरव्हायजर म्हणतात. हा थर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचे हिस्से पाडतो. प्रत्येक हिश्शातील ऑपरेटिंग सिस्टीमला वाटते, की हा संगणक आपल्या एकट्याचाच आहे. विंडोजचा हिस्सा अडकला तर तो एकटाच बंद करून पुन्हा सुरू करता येतो. शेजारच्या लिनक्सला त्याचा पत्ताही लागत नाही.

कल्पना पन्नास वर्षांहून जुनी

आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली. एका अवाढव्य यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवणे त्यामुळे शक्य झाले. ते मोठ्या संस्थांनाच परवडणारे होते. मध्यम उद्योगांसाठी आयबीएमनेच १९८८ मध्ये ‘एएस/४००’ हा सर्व्हर आणला. १९९९ पासून त्याचे तार्किक हिस्से पाडता येऊ लागले आणि २००१ पासून त्यातील एका हिश्शात लिनक्स चालवता येऊ लागले. २००४ मध्ये त्याचाच वारस असलेला ‘आय५’ आला. आयबीएमची स्वतःची प्रणाली, युनिक्सचा एक प्रकार असलेली ‘एआयएक्स’ आणि लिनक्स अशा तिन्ही प्रणाली एकाच पेटीत चालू लागल्या. प्रोसेसरचा एक दशांश इतका छोटा वाटाही देता येत असे.

त्या काळातील दोन गोष्टी आजही कामाच्या आहेत. पहिली : आयबीएमने विभागणीचा आराखडा आधी तपासून पाहण्यासाठी वेगळे साधन दिले होते. किती मेमरी, किती डिस्क, कोणते कार्ड कोणत्या हिश्शाला, हे त्यात भरायचे. आराखडा बसत नसेल तर ते खरेदीपूर्वीच कळायचे. दुसरी : त्या यंत्राच्या प्रोसेसरवर विंडोज चालत नसे. विंडोज हवे असेल तर इंटेल प्रोसेसरचे वेगळे कार्ड किंवा सर्व्हर जोडावा लागे. म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोसेसर यांची जात जुळावी लागते. विभागणी केली म्हणून कोणत्याही यंत्रावर काहीही चालत नाही.

साध्या सर्व्हरवर हे सोपे झाले ते नंतर. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच विभागणीसाठी साह्य दिले. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात ‘केव्हीएम’ आले. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘हायपर-व्ही’ आले आणि त्याच वर्षी केव्हीएमवर आधारलेले मुक्त स्रोत ‘प्रॉक्समॉक्स’ही. आज कोणत्याही इंटेल किंवा एएमडी सर्व्हरवर हे करता येते.

शेत ठरलेले, पाण्याची पाळी, विहीर सामाईक

वाटणीचा हिशोब शेतीच्या भाषेत लवकर कळतो.

मेमरी म्हणजेच रॅम ही जमिनीसारखी असते. एका भावाला दिलेला एकर दुसऱ्याला देता येत नाही. ६४ जीबी रॅम असेल तर सगळ्या हिश्शांची बेरीज त्याच्या आतच हवी. ‘सगळे एकदम थोडेच वापरणार’ असे म्हणून जास्त वाटप करण्याची सोय काही प्रणालींत असते. पण मेमरी कमी पडली की यंत्र डिस्कवर टेकू घेते आणि सगळेच रांगू लागते. छोट्या व्यवसायाने या वाटेला जाऊ नये.

प्रोसेसर हा पाण्याच्या पाळीसारखा असतो. आठ कोअरच्या प्रोसेसरवर सगळ्या हिश्शांना मिळून दहा-बारा आभासी कोअर दिले तरी सहसा बिघडत नाही. मुनीम खाते बंद करत असताना फाइल सर्व्हर बहुधा रिकामाच असतो. ज्याला गरज, त्याला पाळी मिळते.

डिस्क ही सामाईक विहीर. इथेच भांडणे होतात. एका हिश्शात रात्रीचा बॅकअप दिवसा सुरू झाला, की खातेवही उघडायलाही मिनिट लागते. रॅम भरपूर, प्रोसेसर मोकळा, तरी काम मंद, असे दिसले तर पहिला संशय डिस्कवर घ्यावा. म्हणून फिरती हार्ड डिस्क न घेता सर्व्हरसाठीच बनवलेल्या एसएसडी घ्याव्यात आणि दोन डिस्क आरशासारख्या जोडाव्यात, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर काम सुरू राहते. इथे एक हिशोब विसरला जातो. दोन टीबीच्या दोन डिस्क अशा जोडल्या तर वापरायला चार नव्हे, दोनच टीबी मिळतात.

कागदावरचा आराखडा असा दिसेल

वरच्या कार्यालयासाठी ६४ जीबी रॅम आणि आठ कोअरचा सर्व्हर धरला, तर वाटणी साधारण अशी होईल. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या सॉफ्टवेअरच्या गरजेप्रमाणे ते बदलावेत.

• हायपरव्हायजरसाठी राखीव : ८ जीबी. याला विसरून वाटणी केली तर पहिल्याच दिवशी तंगी.

• विंडोज सर्व्हर, खातेवही आणि जीएसटी : १६ जीबी, ४ आभासी कोअर. बंद राहिले तर चालेल : अर्धा तास.

• लिनक्स, डेटाबेस आणि सामाईक फायली : ८ जीबी, २ कोअर. बंद राहिले तर चालेल : दोन तास.

• जुने विंडोज, मागील वर्षांच्या नोंदी पाहण्यापुरते : ४ जीबी, २ कोअर. बंद राहिले तर चालेल : दोन दिवस.

• चाचणीचा हिस्सा : ८ जीबी, २ कोअर. नवे अपडेट आधी इथे. कधीही बंद चालेल.

• शिल्लक : २० जीबी. ही उधळपट्टी नाही. पुढच्या वर्षी काम वाढले किंवा बॅकअपमधून एखादा हिस्सा तात्पुरता उभा करायचा झाला, तर जागा हवी.

या यादीतील सर्वात मोलाचा रकाना रॅमचा नाही, ‘बंद राहिले तर चालेल’ हा आहे. तो मालकाने आणि मुनिमाने मिळून भरायचा असतो, विक्रेत्याने नाही. अर्धा तासच चालणार असेल तर सुटा पॉवर सप्लाय, जादा डिस्क आणि दुसरे छोटे यंत्र हाताशी लागते. सुटा भाग छत्रपती संभाजीनगरहून मागवायचा तर कन्नडपर्यंत सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता आहे. म्हणजे फोन लागला, भाग मिळाला आणि माणूस लगेच निघाला, तरी अर्धा तास हातातून गेलेला असतो.

काय सर्व्हरबाहेरच ठेवावे?

सगळेच एका पेटीत कोंबण्याचा मोह टाळावा. तीन गोष्टी बाहेर राहिलेल्या बऱ्या.

पहिली, भुईकाट्याचा संगणक. काट्याचा दर्शक बहुतेक वेळा जुन्या पद्धतीच्या सिरियल केबलने वजन पाठवतो. ती केबल आभासी यंत्राला जोडता येते, पण अडचण आली तर दोष केबलचा, काट्याचा की हायपरव्हायजरचा, हे शोधण्यात तास जातो. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असते. त्यापेक्षा काट्याजवळ छोटा संगणक राहू द्यावा आणि नोंदी तेवढ्या सर्व्हरकडे जाव्यात. सर्व्हर बंद असला तरी वजनपावती निघालीच पाहिजे. मात्र विंडोज ७ साठीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजीच थांबले आहेत. त्यामुळे असे यंत्र, खरे असो की आभासी, इंटरनेटपासून तोडून ठेवावे आणि कार्यालयाच्या नेटवर्कमध्येही त्याला फक्त गरजेपुरतीच वाट द्यावी.

दुसरी, डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन. दूरवरून जोडलेल्या आभासी यंत्रात तो अनेकदा दिसतच नाही. काही सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्लीही असाच त्रास देते. विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी हे कळण्यापेक्षा आधी तपासलेले बरे. स्वाक्षरीसाठी मुनिमाच्या टेबलावरचा साधा संगणक पुरतो.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट, बॅकअप.

खालचा थर गेला तर सगळेच गेले

वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम ठेवण्याचा एक फायदा १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिला. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे ठप्प झाली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. त्या दिवशी लिनक्सच्या यंत्रांना धक्का लागला नाही. एकाच यंत्रावर दोन प्रकारच्या प्रणाली असतील तर अशा वेळी निम्मे काम तरी सुरू राहते.

पण उलट बाजूही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्स’ नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरातील हजारो सर्व्हरवर हल्ला केला. त्याचे लक्ष्य विंडोज किंवा लिनक्स नव्हते, तर त्यांच्याखालचा व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर होते. आभासी यंत्रांच्या फायलीच कुलूपबंद झाल्या. आत कोणती प्रणाली आहे, तिचा अँटिव्हायरस किती चांगला, याला अर्थ उरला नाही. ज्या त्रुटीचा या हल्ल्यात वापर झाल्याचे समोर आले, तिच्यावरचा उपाय दोन वर्षे आधी, फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध झाला होता. अनेकांनी तो बसवला नव्हता, कारण ‘खालच्या थराला’ हात लावायला सगळे घाबरतात.

यातून तीन नियम निघतात. हायपरव्हायजरचे व्यवस्थापन पान इंटरनेटवर उघडे ठेवू नये. त्याचा पासवर्ड विंडोजच्या पासवर्डपेक्षा वेगळा असावा. आणि दर महिन्याला एक ठरलेली वेळ त्याच्या अपडेटसाठी राखून ठेवावी. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटी विवरणपत्रांची घाई असते, तेव्हा हे दिवस टाळावेत.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

आभासी यंत्राचा ‘स्नॅपशॉट’ घेणे दोन क्लिकचे काम आहे. त्यामुळे तोच बॅकअप आहे, असा समज होतो. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली, चोरी झाली, आग लागली किंवा खंडणीखोर सॉफ्टवेअर आले, की तोही जातो. आरशासारख्या जोडलेल्या डिस्कचेही तसेच. चुकून पुसलेली खातेवही दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते.

जुना नियम अजून लागू आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातील एक दुसऱ्या जागी. बॅकअपची एक डिस्क काम झाल्यावर काढून घरी नेली, तरी तिसरी अट पूर्ण होते. जोडलेली नसलेली डिस्क कोणताही हल्लेखोर कुलूपबंद करू शकत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर आणखी अटी आहेत. इलेक्ट्रॉनिक हिशोबाची प्रत रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने बंधनकारक झाले, तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांचा माग ठेवणारे, म्हणजे ‘ऑडिट ट्रेल’ असलेले सॉफ्टवेअर सक्तीचे आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्या कंपनी कायद्याखालीच नोंदलेल्या असतात.

परवान्याचा हिशोब यंत्र घेण्याआधी

विभागणीत अनेकांचे बजेट इथे चुकते. विंडोज सर्व्हरचा परवाना हिश्शांवर नाही, तर यंत्रातील प्रत्यक्ष कोअरवर मोजला जातो. कमीत कमी १६ कोअरचा परवाना घ्यावाच लागतो, यंत्रात आठच कोअर असले तरी. ‘स्टँडर्ड’ आवृत्तीचा पूर्ण परवाना घेतला की विंडोज सर्व्हरचे दोन आभासी हिस्से चालवता येतात. तिसरा हवा तर सगळ्या कोअरचा परवाना पुन्हा घ्यावा लागतो. शिवाय सर्व्हरला जोडणाऱ्या माणसांसाठी किंवा संगणकांसाठी वेगळे परवाने लागतात. म्हणून ३२ कोअरचा जुना सर्व्हर स्वस्तात मिळाला, तरी तो शेवटी महाग पडू शकतो.

जुन्या संगणकाबरोबर आलेली विंडोज सर्व्हरवर हलवता येईल, असेही गृहीत धरू नये. ती सहसा त्या संगणकाशीच बांधलेली असते. लिनक्सच्या बाजूला हा खर्च टळतो, पण ते सांभाळणारा माणूस लागतो. हायपरव्हायजर निवडतानाही पुढचा विचार हवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर एकदाच पैसे देऊन कायमचा परवाना घेण्याची सोय बंद झाली, फक्त वर्गणी उरली. त्यामुळे केव्हीएमवर चालणारे मुक्त पर्याय आणि हायपर-व्ही यांचीही तुलना करून पाहावी.

वीज गेल्यावर कोण आधी झोपणार?

तीन संगणक एकामागून एक बंद होत, तेव्हा नुकसान एकेकाचे होत असे. आता एक वायर निघाली की सगळे एकदम. यूपीएस विकत घेणे पुरेसे नाही. ते यूएसबी किंवा नेटवर्क केबलने सर्व्हरला जोडून, बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की हिस्से आपोआप बंद होतील, अशी व्यवस्था लावावी लागते. क्रमही ठरवावा : आधी चाचणी, मग जुने विंडोज, मग खातेवही, शेवटी डेटाबेस. सुरू करताना उलटा क्रम. सगळे नीट बंद व्हायला सात मिनिटे लागत असतील, तर यूपीएसने किमान त्याच्या दुप्पट वेळ तग धरला पाहिजे. बॅटरी दरवर्षी थकते, म्हणून हे वर्षातून एकदा मोजून पाहावे.

हे कोणी करू नये?

दोन संगणक आणि एक प्रिंटर एवढेच असेल तर विभागलेल्या सर्व्हरची गरज नाही. दोन चांगले संगणक आणि शिस्तीचा बॅकअप पुरे. ज्या कार्यालयात हायपरव्हायजर समजणारा एकही माणूस फोनवरही उपलब्ध नाही, तिथेही घाई नको. विभागणीने यंत्रे कमी होतात, पण उरलेल्या एका यंत्रावरची जबाबदारी वाढते.

ज्यांना खरोखर गरज आहे, त्यांनी बदल आवक कमी असलेल्या महिन्यांत करावा. जुने संगणक महिनाभर तसेच ठेवावेत. आणि नवा सर्व्हर ‘चालू झाला’ असे जाहीर करण्याआधी एक परीक्षा घ्यावी : खातेवहीचा हिस्सा मुद्दाम बंद करायचा, घरी नेलेली डिस्क आणायची आणि त्यावरून तो नव्याने उभा करायचा. घड्याळ लावायचे. कागदावर लिहिलेल्या अर्ध्या तासात मुनिमाला कालची शेवटची हिशोबपट्टी पडद्यावर दिसली, तर वाटणी नीट झाली. नाही दिसली, तर हंगामाला अजून वेळ आहे. आराखडा दुरुस्त करून परीक्षा पुन्हा घ्यावी.

थोडक्यात

• आधी प्रत्येक कामापुढे ‘किती वेळ बंद चालेल’ ते लिहा, मग रॅम आणि कोअर वाटा.

• रॅमची बेरीज कधीही उपलब्ध रॅमपेक्षा जास्त नको. वीस-तीस टक्के शिल्लक ठेवा.

• काटा, स्वाक्षरीचा टोकन आणि बॅकअप सर्व्हरबाहेर.

• विंडोजचा परवाना प्रत्यक्ष कोअरवर मोजतात, ते पाहूनच यंत्र निवडा.

• हायपरव्हायजरचे अपडेट टाळू नका. तो गेला तर सगळे गेले.

• परत उभा करून पाहिलेला बॅकअप हाच खरा बॅकअप.